पिनबॉल मशीनमधला शॉर्ट शोधताना: फ्यूज जाळू नका, बल्ब लावा

फ्यूज उडाला. नवा लावला, तोही उडाला. तिसरा हातात घेऊन माणूस विचार करतो की जरा मोठ्या अँपिअरचा लावून बघू, काय होतंय ते दिसेल. दिसतं, पण धूर दिसतो. तेव्हा पहिला नियम हा, की फ्यूजचा आकडा कधीही वाढवायचा नाही, ‘फक्त एकदा’ म्हणूनसुद्धा नाही. फ्यूज वाचला तर त्याच्याऐवजी प्लेफील्डखालची (बॉल ज्यावर फिरतो त्या फळीखालची) वायर तापते, आणि ती बदलायला दोन रुपयांची काच आणि दोन मिनिटं पुरत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे, उडालेला प्रत्येक फ्यूज शॉर्टमुळे उडतो असं नाही. आपण ज्याला सरसकट शॉर्ट म्हणतो त्यात तीन वेगळे आजार असतात. एक खरा शॉर्ट: सप्लायची वायर लोड, म्हणजे करंट वापरणारा भाग, टाळून सरळ ग्राउंडला भिडलेली. दुसरा म्हणजे अडकून राहिलेली कॉइल, म्हणजे करंट मिळाला की मशीनचे भाग ओढणारी तारेची गुंडाळी. ती क्षणभर ओढून सुटायला हवी, पण सुटतच नाही. तिसरा साधा जादा भार किंवा सैल फ्यूज-होल्डर. तिघांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून मीटर हातात घेण्याआधी आजार कोणता ते ओळखायचं.

आधी हात सुरक्षित

प्लग भिंतीतून काढा. मशीनचा स्विच बंद करणं पुरेसं नाही, कारण बऱ्याच जुन्या मशीनमध्ये मेनची लाइन स्विचच्या आधी कुठे कुठे फिरते, आणि दुरुस्तीसाठी आत दिलेलं सॉकेट तर स्विच बंद असतानाही जिवंत असतं. मोठे कपॅसिटर रिकामे व्हायला थोडा वेळ द्या. डिस्प्लेचा सप्लाय वेगळा सांभाळा. निऑनसारख्या चमकणाऱ्या जुन्या डिस्प्लेंना शंभर ते दोनशे व्होल्टच्या दरम्यान डीसी लागतो आणि तो चांगलाच झटका देतो. अंगठी, घड्याळ काढून ठेवा.

मग बॉल बाहेर काढा. प्लेफील्ड उचलताना आत राहिलेला बॉल घरंगळत काचेवर किंवा बोर्डावर येतो, आणि ज्याने हे एकदा पाहिलंय तो दुसऱ्यांदा विसरत नाही. कॅबिनेटच्या तळाशी हात फिरवून सुटे स्क्रू, वॉशर, तुटलेल्या बल्बची टोपणं गोळा करा. अर्धे शॉर्ट इथेच सापडतात असं मी म्हणणार नाही, पण काही सापडतात खरे.

शेवटची तयारी म्हणजे मशीनचा सर्किट नकाशा. त्याच्याशिवायही काम होतं, पण मग वायरच्या रंगावरून अंदाज बांधत एक दिवसाचं काम तीन दिवस चालतं.

फ्यूज काय सांगतो

उडालेला फ्यूज टाकून देऊ नका, उजेडात धरून पाहा. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल तर करंट एकदम प्रचंड गेलाय, म्हणजे खरा शॉर्ट. काच स्वच्छ आणि तार मधोमध नीट वितळलेली असेल तर जादा भार हळूहळू चढलाय. तार टोकाशी, टोपणाजवळ तुटली असेल तर होल्डरची क्लिप सैल असून तीच तापतेय. अशा वेळी शॉर्ट शोधत बसाल तर तो कधीच सापडणार नाही. क्लिप काळवंडलीय का, आतल्या बाजूला वाकून फ्यूजला घट्ट धरतेय का, हे बघा.

फ्यूज मीटरने तपासायचा तर होल्डरमधून काढून तपासा. जागेवर असताना शेजारच्या मार्गाने करंट फिरून येतो आणि मेलेला फ्यूजही जिवंत दिसतो.

मग तीन प्रश्न विचारा. फ्यूज स्विच चालू करताक्षणी उडतो का? एखादी विशिष्ट घटना घडली की, समजा डावा फ्लिपर (बॉल मारणारा पट्टा) दाबला की, उडतो का? की खेळता खेळता मध्येच, काही कारण नसताना? पहिल्या प्रकारात दोष ब्रिज (एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर), वायरिंग किंवा आधीच अडकलेल्या कॉइलमध्ये. दुसऱ्यात तो त्या एका कॉइलच्या आसपास. तिसरा प्रकार सगळ्यात छळणारा, त्याच्याकडे शेवटी येऊ. आणखी एक प्रश्न लोक विचारायला विसरतात: बिघाडाच्या आधी कोणी काय केलं होतं? कॉइल बदलली होती का, बल्ब बदलले होते का, प्लेफील्ड उघडून बंद केलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर या प्रश्नातच असतं.

फ्यूजच्या जागी बल्ब

ही युक्ती शिकल्यापासून मी शॉर्ट शोधताना एकही फ्यूज जाळलेला नाही. उडालेल्या फ्यूजच्या दोन्ही टोपणांना वायर सोल्डर करा आणि त्या वायरच्या टोकाला तारेचा बल्ब जोडा. हा ‘फ्यूज’ होल्डरमध्ये बसवला की बल्ब सर्किटच्या सिरीजमध्ये येतो. शॉर्ट असेल तर सगळं व्होल्टेज बल्बवर पडतं, बल्ब झगझगीत पेटतो आणि करंट त्याच्या मर्यादेत राहतो. शॉर्ट निघाला की बल्ब मंदावतो किंवा विझतो. म्हणजे उजेड हाच मीटर. दोन्ही हात वायरिंगवर ठेवून काम करता येतं, नजर बल्बवर.

बल्ब सर्किटप्रमाणे निवडायचा. ६ किंवा १२ व्होल्टच्या सर्किटला गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब चांगला. तो फार तर साडेचार-पाच अँपिअर जाऊ देतो. कॉइलचा सप्लाय मात्र बऱ्याच सॉलिड-स्टेट (इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या) मशीनमध्ये ५० व्होल्टच्या घरात असतो आणि लोड नसताना आणखी वर चढतो, म्हणून २४ व्होल्टच्या दोन-तीन बल्बांची सिरीज करा. एलईडी बल्ब या कामाला निरुपयोगी आहेत. इथे तापणारी तारच हवी.

सॉलिड-स्टेट मशीनच्या कॉइल सर्किटमध्ये मशीन नुसतं उभं असताना जवळजवळ काहीच करंट वाहत नाही. म्हणून तिथे बल्ब पेटला की कोणीतरी करंट ओढतंय हे नक्की. इलेक्ट्रोमेकॅनिकल (बोर्डाऐवजी रिले आणि स्विचवर चालणाऱ्या जुन्या) मशीनमध्ये काही रिले, म्हणजे कॉइलने ओढले जाणारे स्विच, नेहमीच ओढून धरलेले असतात, त्यामुळे मंद उजेड दिसला तर घाबरू नका.

बल्बऐवजी बटण दाबून पुन्हा जोडता येणारा छोटा सर्किट ब्रेकरही चालतो. फक्त त्याचा आकडा मूळ फ्यूजइतका किंवा कमी असावा. आपोआप जोडला जाणारा ब्रेकर मी टाळतो. तुम्ही चहा आणायला गेलात की तो शॉर्टवर पुन्हापुन्हा करंट सोडत राहतो.

हे सगळं ट्रान्सफॉर्मरनंतरच्या सर्किटसाठी. मेनचाच फ्यूज उडत असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचे (मशीनकडे जाणाऱ्या बाजूचे) सगळे कनेक्टर काढून पाहा. तरीही उडत असेल तर दोष मेनच्या बाजूला आहे, आणि मेनवर काम करण्याची सवय नसेल तर ते काम सवय असलेल्या माणसाकडे द्या.

निम्मं-निम्मं करत जा

शॉर्ट शोधणं म्हणजे वायरिंगचं जंगल तपासणं नव्हे. दर वेळी सर्किटचे दोन भाग करायचे आणि दोष कोणत्या भागात आहे एवढंच विचारायचं.

पहिला काप बोर्ड आणि प्लेफील्ड यांच्यामध्ये. त्या सप्लायचा प्लेफील्डकडे जाणारा कनेक्टर काढा आणि मशीन चालू करा. बल्ब अजून पेटतोय? मग दोष बोर्डावर किंवा पॉवर सप्लायमध्ये. विझला? दोष खाली प्लेफील्डमध्ये.

पॉवर सप्लायकडे बोट गेलं तर पहिला संशयित ब्रिज रेक्टिफायर. आधी नकाशात पाहा की फ्यूज ब्रिजच्या आधी आहे की नंतर. नंतर असेल तर ब्रिज शॉर्ट होऊन तो फ्यूज उडूच शकत नाही, मग वेळ घालवू नका. आधी असेल तर प्लग काढा, ट्रान्सफॉर्मरकडून येणारा कनेक्टरही काढा. तो काढला नाही तर ब्रिजच्या दोन एसी पायांमध्ये ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी असते आणि मीटर ‘शॉर्ट’ दाखवतो. मीटर डायोड-टेस्टच्या रेंजवर ठेवा. लाल प्रोब ब्रिजच्या मायनसवर, काळा आळीपाळीने दोन्ही एसी पायांवर: दोन्ही वेळा साधारण ०.४ ते ०.६ यायला हवं. मग काळा प्लसवर, लाल आळीपाळीने एसी पायांवर: पुन्हा तेच. उलट दिशेने काही येता कामा नये. एखाद्या जोडीत शून्याच्या आसपास आकडा आला की गुन्हेगार सापडला.

दोष प्लेफील्डमध्ये असेल तर पुढचे काप तिथे. एकाच सप्लायची वायर कॉइलकडून कॉइलकडे साखळीसारखी फिरते. साखळीच्या मधोमध एक जोड सोडा, बल्ब पाहा. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. सोळा कॉइलच्या साखळीत चार काप पुरतात. जोड सोडण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक वेळी प्लग काढून मगच सोल्डरिंग आयर्न लावा.

बझरवर विश्वास ठेवू नका

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. मीटर बझरवर ठेवला, सप्लाय आणि ग्राउंडला प्रोब लावले, बझर वाजला, ‘सापडला शॉर्ट!’ बहुतेक मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमपर्यंतच्या रेझिस्टन्सला वाजतो. पिनबॉलमध्ये असे मार्ग निरोगी अवस्थेतही ढिगाने असतात. फ्लिपर कॉइलची जोराची गुंडाळी तीन-चार ओहमची असते. तिच्यावर बझर वाजणारच.

म्हणून ओहमच्या रेंजवर आकडा वाचा, आधी दोन प्रोब एकमेकांना लावून त्यांचाच आकडा वजा करा, आणि स्वतःला विचारा की हे सर्किट चांगलं असताना इथे किती ओहम यायला हवेत. उत्तर माहीत नसेल तर शेजारच्या जोडीदाराशी तुलना करा. डावा फ्लिपर उजव्याशी, एक बम्पर दुसऱ्या बम्परशी. जुळी कॉइल चार ओहम दाखवते आणि संशयित दीड, तर तिची गुंडाळी आतून जळून फेरे एकमेकांना चिकटलेत. कॉइलवरचं लेबलही मदत करतं. ‘एई-२६-१२००’ म्हणजे २६ गेजची वायर आणि १२०० फेरे. जाड वायर, कमी फेरे म्हणजे कमी ओहम.

लायटिंगच्या सर्किटमध्ये हा सापळा आणखी खोल आहे. प्लेफील्ड उजळवणारे ४४ नंबरचे बल्ब ६.३ व्होल्टवर प्रत्येकी २५० मिलिअँपिअर घेतात, म्हणजे पेटलेला बल्ब २५ ओहमचा. पण थंड तार त्याच्या कितीतरी कमी असते. असे चाळीस बल्ब पॅरलल असले की मीटर निरोगी सर्किटलाही शून्यच म्हणतो, आणि त्याच चाळीस बल्बांना चालताना १० अँपिअर लागतात, म्हणजे टेस्टचा बल्ब शॉर्ट नसतानाही चांगला पेटतो. मीटर आणि बल्ब, दोघेही इथे फसवतात. म्हणून लायटिंगमध्ये आधी त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब काढा, ट्रान्सफॉर्मरकडचा कनेक्टर सोडा, मगच मोजा. बल्ब काढल्यावर सर्किट उघडं दिसलं पाहिजे. दिसलं, तर बल्ब एकेक करून परत लावा. काही वेळा दोष एखाद्या बल्बच्या वाकड्या टोपणातच निघतो.

बल्ब काढूनही आकडा शून्य असेल तर प्लेफील्डखाली नजर फिरवा. जुन्या मशीनमध्ये लायटिंगच्या दोन तारा पुष्कळदा उघड्याच असतात, लाकडावर स्टेपलने ठोकलेल्या. एक वाकलेला सॉकेटचा कान, एक सुटा स्टेपल, सोल्डरचा एक थेंब एवढं पुरतं.

अडकलेली कॉइल

सॉलिड-स्टेट मशीनमध्ये कॉइलच्या एका टोकाला सप्लाय कायम असतो आणि दुसरं टोक ट्रान्झिस्टर ग्राउंडला जोडतो. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की मशीन चालू होताच ती कॉइल ओढते आणि सुटत नाही. ५० व्होल्ट आणि ४ ओहम म्हणजे साडेबारा अँपिअर. स्लो-ब्लो फ्यूज असा धक्का क्षणभर सोसतो, कायम नाही. कॉइलला हात लावून पाहा. गरम कॉइल नाकालाही कळते.

टीआयपी १०२ सारख्या ट्रान्झिस्टरची तपासणी ब्रिजसारखीच, प्लग काढून, डायोडच्या रेंजवर. काळा प्रोब धातूच्या पाठीवर, लाल बाहेरच्या दोन्ही पायांवर आळीपाळीने: ०.४ ते ०.६ च्या आसपास हवं. शून्य आलं तर ट्रान्झिस्टर गेला. पण नुसता तो बदलून थांबू नका. त्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर तपासा आणि कॉइलवरचा डायोडही (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), कारण तो तुटलेला असेल तर कॉइल सुटताना उठणारा उलटा धक्का नवाही ट्रान्झिस्टर मारतो.

कॉइल बदलल्यावर लगेच फ्यूज उडायला लागला असेल तर दोन वायर उलट लागल्यात का ते पाहा. डायोडची पट्टी असलेली बाजू सप्लायकडे हवी. वायर उलटल्या तर ट्रान्झिस्टर चालू होताच करंट कॉइल टाळून डायोडमधून सरळ जातो. इलेक्ट्रोमेकॅनिकल मशीनची गोष्ट याच्या उलट: तिथे कॉइलला एसी मिळत असेल तर डायोड नकोच. नव्या मशीनची डायोडवाली कॉइल तशीच बसवली की पहिल्याच ठोक्याला फ्यूज जातो. डायोड कापून टाका.

जुन्या फ्लिपरमध्ये पट्टा पूर्ण वर गेला की टोकाचा स्विच उघडतो आणि धरून ठेवणारी बारीक, शंभरपेक्षा जास्त ओहमची गुंडाळी सर्किटमध्ये येते. स्विच उघडलाच नाही तर बटण दाबून धरलं असेपर्यंत पूर्ण करंट वाहतो. फ्लिपर हाताने वर ढकला, स्विचच्या पात्यांमध्ये स्पष्ट फट दिसते का पाहा. इलेक्ट्रोमेकॅनिकल मशीनमध्ये रिलेवरच्या पात्यांच्या थप्प्याही अशाच तपासा. एक वाकलेली पाती शेजारणीला चिकटली की पुरे.

स्विच मॅट्रिक्समधला शॉर्ट

इथे फ्यूज उडत नाही, मशीन वेड्यासारखं वागतं. स्विच आठ ओळी आणि आठ स्तंभांत मांडलेले असतात. एक पूर्ण ओळ मेली किंवा मशीनच्या टेस्टने ती ग्राउंडला शॉर्ट आहे म्हटलं तर पुन्हा तोच काप: बोर्डावरून त्या ओळींचे कनेक्टर काढा. तक्रार राहिली तर बोर्डावरची चिप गेली, मिटली तर दोष वायरिंगमध्ये. चिप गेली असेल तर विचारा की का. बहुतेकदा कॉइलचे ५० व्होल्ट स्विचच्या वायरला शिवलेले असतात, आणि ती जागा सापडेपर्यंत नवी चिप बसवू नका. तीन स्विच दाबले की न दाबलेला चौथा उमटत असेल तर त्या चौकोनातल्या एखाद्या स्विचचा डायोड शॉर्ट आहे.

हट्टी शॉर्टसाठी मिलिव्होल्ट

काप घेऊनही जागा सापडत नाही, आणि प्रत्येक जोड सोडायचा जीवावर येतं. तेव्हा बेंच सप्लाय, म्हणजे व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा टेबलावरचा सप्लाय, बाहेर काढा. मशीनचा प्लग काढलेला, बोर्डाकडचे कनेक्टर सोडलेले. सप्लाय एक व्होल्टच्या खाली आणि करंटची मर्यादा दोन अँपिअर. प्लस शॉर्ट झालेल्या वायरच्या सुरुवातीला, मायनस ज्याला ती भिडली आहे त्याला.

आता मीटर डीसी मिलिव्होल्टवर. एक प्रोब वायरच्या सुरुवातीला कायम ठेवा, दुसरा त्याच वायरवर सोल्डरच्या टाक्यामागून टाका पुढे न्या. १८ गेजच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला साधारण २१ मिलिओहम, म्हणजे दोन अँपिअरला मीटरभर वायरीत सुमारे ४२ मिलिव्होल्ट पडतात. आकडा वाढत जाईल, कारण करंट पुढे वाहतोय. शॉर्टची जागा ओलांडली की पुढे करंटच नाही, आकडा वाढायचा थांबतो. फाटे आले तर ज्या फाट्यावर आकडा वाढतो तिकडे वळा. जिथे थांबला त्या टाक्याच्या आसपास, फार तर वीतभर अंतरात, दोष असतो.

येतो-जातो तो शॉर्ट

एक फ्यूज मला आठवडाभर छळत होता. प्लेफील्ड वर उचलून मोजलं की सगळं ठीक, खाली ठेवून खेळलं की दहाव्या मिनिटाला उडायचा. शेवटी बल्ब लावला, काच काढली आणि प्लेफील्ड इंच-इंच खाली सोडत गेलो. शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात बल्ब पेटला. वायरचा जुडगा प्लेफील्डची कड आणि कॅबिनेटच्या आतली पट्टी यांच्यात चेपला जात होता, आणि एका वायरचं आवरण केसाएवढं फाटलं होतं. उचललं की ती मोकळी व्हायची.

तेव्हापासून असा शॉर्ट आला की बल्ब लावून आधी बिजागरीजवळचे जुडगे, मग कॉइल धरणारे पत्र्याचे कंस, मग सॉकेट या क्रमाने लाकडी काडीने हलवत जातो. कॉइलचा कंस सैल असेल तर ती ठोके देताना सरकते आणि तिचा टाका पत्र्याला शिवतो. फक्त खेळतानाच उडणाऱ्या फ्यूजचं हे नेहमीचं कारण. नजर बल्बवर, हात काडीवर. लुकलुकला की तिथेच थांबायचं आणि पुन्हा हलवून खात्री करायची.

सापडलेली जागा नुसत्या टेपने गुंडाळू नका, उष्णतेत टेपचा डिंक सुटतो. वायर कापा, आवरणाची नळी सरकवा, सोल्डर करा, नळी तापवून आवळा. जुडगा चेपला जात होता तर तो पुन्हा त्याच जागी जाणार नाही असा बांधा. मग टेस्टचा बल्ब काढा, नकाशात लिहिलेला आकडा आणि प्रकार तंतोतंत जुळणारा फ्यूज लावा, काच बसवण्याआधी प्रत्येक कॉइल टेस्टमधून दहादहा वेळा ठोका आणि प्लेफील्ड दोनदा उचलून खाली ठेवा.